आंब्यातला ब आणि मॅग्नीजमधला न

भंडारा जिल्ह्याच्या तुमसर तालुक्यात, सातपुड्याच्या एका फाट्यावर आंबागडचा किल्ला उभा आहे. सुमारे १७०० मध्ये बांधलेला. त्याच्या नावातल्या आंब्यात जो ब आहे, तो मुळात तिथे कुणी ठेवलेला नव्हता.

संस्कृतात या झाडाचे नाव आम्र. त्यात आ आहे, म आहे, र आहे. ब औषधालाही नाही. प्राकृतात त्याचे 'अंब' झाले आणि मराठीत 'आंबा'. जोडाक्षरातला र गळणे प्राकृताच्या अंगवळणीच पडले आहे. चक्राचे चाक झाले, सूत्राचे सूत झाले, ग्रामाचा गाव झाला. तेव्हा र का गेला हे विचारायला नको. ब का आला हे मात्र विचारायला हवे.

याचे उत्तर पोथीत शोधण्याआधी तोंडात शोधावे. नाक चिमटीत धरून 'मामा' म्हणून पाहा. कानाला 'बाबा' ऐकू येईल. सर्दीने नाक चोंदले की 'मी'चा 'बी' होतो, तोही याच कारणाने. म आणि ब या दोन्हींना ओठ सारखेच मिटतात, कंठातला आवाजही सारखाच. फरक फक्त नाकाच्या वाटेचा. म म्हणताना टाळूचा मागचा मऊ भाग पडजिभेसकट खाली झुकतो आणि हवा नाकातून निघते. ब म्हणताना तो वर उचललेला असतो आणि नाकाची वाट बंद असते.

आता 'आम्र' म्हणायचे तर म वरून र वर जाताना दोन कामे एकाच क्षणी व्हायला हवीत. ओठ उघडायचे, आणि नाकाची वाट मिटायची, कारण र नाकातून येत नाही. माणसाच्या अवयवांना इतकी अचूक वेळ साधत नाही. टाळू ओठांच्या किंचित आधी उचलला गेला, तर मधे एक अगदी लहान क्षण असा येतो की ओठ अजून मिटलेले आहेत, नाक बंद झाले आहे आणि आवाज चालूच आहे. यालाच आपण ब म्हणतो. कुणाच्या मनात नसताना 'आम्र'चे 'आम्ब्र' होते. बोलणाऱ्याला ते जाणवत नाही, पण ऐकणारे मूल तो ब खरा धरून चालते. पुढे र गळतो आणि उपरा ब घरचा होऊन बसतो.

हे एकट्या आंब्याचे नशीब असते तर त्याला योगायोग म्हटले असते. पण ताम्राचे तांबे झाले. भंडाऱ्याची पितळी भांडी नावाजलेली आहेत. त्या पितळेत जस्ताबरोबर जे तांबे असते, त्याच्याही नावातला ब असाच आलेला. 'अम्ल' म्हणजे आंबट. त्यात म नंतर ल आहे, तरी गोष्ट तीच झाली: प्राकृतात 'अंबिल', मराठीत आंबील आणि आंबट. म्हणजे आंबा आणि आंबट हे शब्द मुळात वेगळे, एक आम्राचा आणि दुसरा अम्लाचा. पण दोघांनाही टाळूने एकच ब दिला आणि ते सख्ख्या भावंडांसारखे दिसू लागले.

म च्या जागी न असेल तर जीभ दातांमागे टेकलेली असते, म्हणून मधल्या क्षणात ब ऐवजी द उमटतो. वानराचे वांदर झाले ते असे. आंबागडच्या जंगलात राहणाऱ्या माणसाला 'वानर' हा पुस्तकी शब्द वाटतो, त्याच्या तोंडी वांदरच. शुद्धलेखनवाल्यांनी या वांदराला अडाणी ठरवले, ते मला कधीच पटले नाही. तोच नियम जगभर चालतो आणि तिथे त्याला कुणी अडाणी म्हणत नाही. लॅटिनमधला 'नुमेरुस' फ्रेंचांच्या तोंडी गेला आणि त्यातून आपण रोज म्हणतो तो नंबर आला. लॅटिनमध्ये खोलीला 'कामेरा' म्हणत. तोच शब्द फ्रेंचमधून फिरून आला तो चेंबर, आणि लॅटिनमधून सरळ उचलला गेला तो कॅमेरा. एका शब्दात ब आहे, दुसऱ्यात नाही, एवढ्यावरून कोण कुठल्या वाटेने आले ते ओळखता येते.

ग्रीकांकडे तर आपल्या 'नर' शब्दाचाच भाऊबंद आहे: 'अनेर', म्हणजे पुरुष. त्याची षष्ठी करताना न आणि र शेजारी आले आणि मधे द उगवला, 'आन्द्रोस'. माणसांचा रक्षणकर्ता अशा अर्थाचे 'अलेक्सान्द्रोस' हे नाव त्यातूनच बनले. ते फारसीत गेले आणि सिकंदर झाले. सिकंदरातला द आणि वांदरातला द यांची जन्मकथा एकच आहे. मॅसेडोनियाच्या राजाच्या नावात तो चालतो, तर पूर्व विदर्भाच्या झाडीपट्टीतल्या शेतकऱ्याच्या तोंडीही चालायला हवा.

आपल्या जुन्या वैयाकरणांना हे प्रकार ठाऊक होते. नसलेला वर्ण येऊन बसला की त्याला ते वर्णागम म्हणत. वर्णांनी जागा बदलल्या की वर्णविपर्यय. हिंस् धातूतून सिंह, हे त्यांचे विपर्ययाचे ठरलेले उदाहरण. नुकसानचे नुसकान आणि मतलबचे मतबल हे रोजच्या बोलण्यातले. हा दुसरा प्रकार लक्षात असू द्यावा, आंबागडच्या पायथ्याच्या काळ्या दगडापाशी तो लागणार आहे.

पण आधी गडावर जाऊ. हिंदीत गढ, मराठीत गड. प्राकृतात 'गढ' होते, मराठीने शेवटचा ढ हलका करून ड केला. तरी 'गढी' या शब्दात तो शाबूत राहिला, कारण तिथे पुढे स्वर आहे आणि महाप्राणाला श्वास सोडायला जागा मिळते. विदर्भात गावोगावच्या पडक्या मातीच्या गढ्या अजून दिसतात.

आंबागड बांधला राजाखान पठाणाने. तो देवगडच्या गोंड राजाचा, बख्त बुलंद शहाचा सुभेदार. हा बख्त बुलंद म्हणजे नागपूर वसवणारा. औरंगजेबाच्या दरबारात त्याने इस्लाम स्वीकारला आणि तिथेच त्याला हे नाव मिळाले. बुलंद म्हणजे उंच, बख्त म्हणजे नशीब. कमबख्त या शिवीत आपण तोच बख्त वापरतो, नशीब कमी असलेला. नशीब या अर्थाचा फारसी बख्त आणि संस्कृतातले भाग्य ही एकाच मुळाची पाने आहेत. 'भज्' म्हणजे वाटणे. वाट्याला येतो तो भाग, वाट्याला येते ते भाग्य, वाटून दिलेले ते भक्त. 'भक्त' म्हणजे शिजवलेले अन्नही, ज्यातून आपला भात आला. भंडाऱ्यासारख्या धानाच्या मुलखात हे मुद्दाम सांगावेसे वाटते: भात आणि भाग्य एकाच धातूचे आहेत. भ चा महाप्राण इराणी भाषांनी टाकून दिला आणि त्यांच्याकडे ब उरला, म्हणून भाग्याकडे पाहून बख्त चटकन ओळखू येत नाही. गोंड राजाला मोगल दरबारात मिळालेले फारसी नाव, आणि त्याचे मूळ संस्कृतच्या घरातले. इतिहासात जे गट एकमेकांसमोर उभे दिसतात, त्यांचे शब्द पुष्कळदा आतून नातेवाईक निघतात.

पुढे किल्ला नागपूरकर भोसल्यांकडे आला आणि त्याचा उपयोग कैदी ठेवायला होऊ लागला. इथे 'तुरुंग' हा शब्द येतो. दिसायला तो अस्सल देशी. प्रत्यक्षात तो पोर्तुगीज 'त्रोंकु' आहे. त्रोंकु म्हणजे झाडाचे खोड. जाड ओंडक्याला भोके पाडून त्यात कैद्याचे पाय अडकवत, त्या ओंडक्याला पोर्तुगीज त्रोंकु म्हणत. पुढे जिथे असा ओंडका असे त्या जागेलाच ते नाव पडले. कोकण-गोव्याच्या किनाऱ्यावर तो शब्द मराठीने उचलला. त्र चे जोडाक्षर जिभेला जड, म्हणून मधे उ घालून 'तुरुं' केले. अनुनासिकाच्या शेजारचा क मऊ होऊन ग झाला. पोर्तुगिजांनी हाच शब्द मलाक्केलाही नेला, मलाय भाषेत तो 'तेरुंकु' होऊन राहिला.

यातली खरी गंमत पुढे आहे. पोर्तुगीज येण्याची वाट न पाहता मराठीने नेमकी हीच वाट स्वतःच्या पायाने चालून ठेवलेली होती. खोड म्हणजे झाडाचा बुंधा. त्यापासून खोडा, म्हणजे कैद्याचे पाय अडकवायचा ओंडका. कामात खोडा घालणे हा वाक्प्रचार तिथला. लिस्बनचा माणूस आणि महाराष्ट्रातला माणूस यांनी एकच क्रूर वस्तू पाहिली आणि दोघांनी तिला झाडाच्या नावाने हाक मारली. फक्त पोर्तुगिजांच्या ओंडक्याचे घर झाले, आपला ओंडका ओंडकाच राहिला.

आता पायथ्याकडे. आंबागडच्या टेकड्यांच्या या पट्ट्यात चिखला आणि डोंगरी बुजुर्ग या खाणी आहेत. इथे निघते ते मँगनीज. सेंट्रल प्रॉव्हिन्सेस प्रॉस्पेक्टिंग सिंडिकेट या १८९६ च्या कंपनीपासून या धंद्याची वंशावळ सांगतात. १९६२ मध्ये सरकार त्यात उतरले, आणि आज नागपूरला मुख्यालय असलेली मॉईल ही सरकारी कंपनी नागपूर, भंडारा आणि बालाघाट या तीन जिल्ह्यांत या खाणी चालवते.

या दगडातला मऊ, काळा प्रकार हातात घेतला की दोन गोष्टी लगेच जाणवतात. एक, तो आकाराच्या मानाने फार जड असतो. तेवढ्याच गारगोटीच्या जवळजवळ दुप्पट. दुसरी, तो खाली ठेवला तरी बोटे काजळ धरल्यासारखी काळी राहतात. चहाचा चिनीमातीचा कप उलटा करून त्याच्या बुडाच्या खरखरीत, चकाकी नसलेल्या कडेवर हा दगड घासला तर काळी रेघ उठते. लोखंडाचा लाल दगड असता तर रेघ तांबूस आली असती. खनिजे ओळखणारे लोक आजही ही रेघेची चाचणी करतात. आणि चुंबक जवळ नेला तर हा काळा दगड त्याला दाद देत नाही. हे शेवटचे महत्त्वाचे, कारण त्याचे नाव चुंबकाच्याच गावाहून आले आहे.

ग्रीसमध्ये थेसली प्रांतात मॅग्नेशिया नावाचा प्रदेश आहे. त्याच नावाची गावे आजच्या तुर्कस्तानातही होती. त्यांतल्या एकाला तुर्कांनी ग गिळून 'मनिसा' केले आणि ते शहर आजही नांदते आहे. या मॅग्नेशियाच्या नावाने ग्रीक लोक वेगवेगळ्या दगडांना हाक मारत. लोखंड ओढणारा तो मॅग्नेशियाचा दगड, त्यातून मॅग्नेट. तसाच काळा पण लोखंड न ओढणारा दुसरा एक दगड होता, काचवाले तो वापरत. रोमन लेखक प्लिनीने पहिल्या शतकात या दगडांचे नर आणि मादी असे भेद सांगितले, आणि न ओढणारा तो मादी ठरवला. पुढे युरोपात पांढऱ्या भुकटीला 'पांढरा मॅग्नेशिया' आणि या काळ्या दगडाला 'काळा मॅग्नेशिया' म्हणू लागले. एका गावाच्या नावाने तीन निराळे पदार्थ.

मग इटलीतल्या काचकारांच्या जिभेने तो गुंता सोडवायला सुरुवात केली, आणि तीही चुकून. 'मॅग्नेशिया'मधला न त्यांनी ग च्या आधी आणून बसवला: 'मँगनीज'. नुकसानचे नुसकान व्हावे तसा हा शुद्ध वर्णविपर्यय. पण या एका न च्या उडीने काळा दगड चुंबकापासून आणि पांढऱ्या भुकटीपासून कायमचा वेगळा झाला.

काचकारांना हा दगड कशाला लागे? वाळूत लोखंडाचा अंश असतोच, त्यामुळे साधी काच हिरवट उतरते. वितळलेल्या काचेत हा काळा दगड थोडासा टाकला की त्यातला ऑक्सिजन लोखंडाचा हिरवा रंग फिका पिवळा करतो, आणि मँगनीजची स्वतःची जांभळी छटा त्या पिवळेपणाला झाकते. काच स्वच्छ दिसू लागते. म्हणून त्याला काचवाल्यांचा साबण म्हणत. या खनिजाचे शास्त्रीय नाव पायरोल्युसाइट. ग्रीकमध्ये 'पिर' म्हणजे अग्नी आणि 'लुओ' म्हणजे धुणे. अग्नीत धुणारा. हे नाव ज्याने ठेवले त्याला काचेची भट्टी नीट ठाऊक होती. मात्र अशी काच वर्षानुवर्षे उन्हात राहिली, तर ती हळूहळू जांभळी पडते. विहिरीत टाकायच्या पोटॅशियम परमँगनेटचा गडद जांभळा रंगही याच धातूचा. पटकीच्या साथीत इंग्रजी अमदानीपासून ते पाण्यात सोडत आले आहेत.

१७७४ मध्ये स्वीडनमध्ये शेले आणि गान यांनी या काळ्या दगडात नवे मूलद्रव्य असल्याचे दाखवले, आणि गानने कोळशाबरोबर तापवून तो धातू मोकळा केला. १८०८ मध्ये हंफ्री डेव्हीने पांढऱ्या मॅग्नेशियातून दुसरा धातू वेगळा केला, तेव्हा त्याच्यापुढे नावाचा प्रश्न आला. 'मॅग्नेशियम' म्हणावे तर काही लोक मँगनीजलाच ते नाव देत होते. म्हणून त्याने 'मॅग्नियम' सुचवले. ते चालले नाही, मॅग्नेशियमच रूढ झाले. आज शाळेच्या तक्त्यात १२ व्या घरात मॅग्नेशियम आणि २५ व्या घरात मँगनीज असते, आणि मुले दोघांत गोंधळतात. तो गोंधळ मुलांचा नाही. ग्रीकांनी एकाच गावाचे नाव सगळ्यांना वाटून ठेवल्याचा तो परिणाम आहे.

आणि तुमसर-भंडाऱ्याकडे काय म्हणतात? मॅग्नीज. बोलण्यात मॅग्नीज, बातम्यांतही 'मॅग्नीज खाण' असे छापून येते. इटलीच्या काचकाराने पुढे ढकललेला न इथल्या जिभेने पुन्हा ग च्या मागे नेऊन ठेवला. मॅग्नेशिया या मूळ नावाच्या जवळ आज कोण असेल तर तुमसरच्या बाजारात बोलणारा माणूस. परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत मँगनीज लिहायलाच हवे, कारण तिथे २५ वे आणि १२ वे घर वेगळे ठेवायचे असते. पण शाळेबाहेर या माणसाला चुकीचा ठरवण्यात काही अर्थ नाही.

मँगनीजचा मोठा गिऱ्हाईक पोलादाचा कारखाना. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर बेसेमर या इंग्रज संशोधकाने वितळलेल्या लोखंडातून हवा फुंकून स्वस्त पोलाद करायची रीत काढली, पण ते पोलाद हातोड्याखाली तडकू लागले. आत ऑक्सिजन आणि गंधक उरत होते. मुशेट या धातुतज्ज्ञाने त्यात मँगनीजयुक्त बीड घालून पाहिले. मँगनीज त्या दोघांना धरून ठेवते आणि पोलाद घडवण्याजोगे होते. तेव्हापासून पोलाद करायचे तर मँगनीज लागतेच. १८८२ मध्ये हॅडफील्ड या धातुतज्ज्ञाने मँगनीजचे प्रमाण १२-१३ टक्क्यांपर्यंत वाढवले, तर असे पोलाद निघाले की मार खाईल तसे कठीण होत जाते. रेल्वेचे रूळ जिथे एकमेकांना ओलांडतात तिथे ते वापरतात. आणि या पोलादाला चुंबक चिकटत नाही. चुंबकाच्या गावचे नाव लावणारा धातू लोखंडात भरपूर मिसळला की लोखंडसुद्धा चुंबकाला ओळखेनासे होते.

डोंगरी बुजुर्गचे काळे मँगनीज डायऑक्साइड विजेरीच्या सेलमध्ये जाते. जुना सेल फोडला की मधे कार्बनची कांडी, बाहेर जस्ताचे भांडे आणि दोहोंच्या मधे जो काळा मसाला दिसतो, तो हाच. या सेलचे मूळ रूप १८६६ मध्ये लेक्लांशे या फ्रेंच माणसाने काढले. जस्त इलेक्ट्रॉन सोडते, मँगनीज ते घेते, आणि या देवघेवीवर दिवा लागतो. आपण हातातल्या विजेरीलाच बॅटरी म्हणतो. हा शब्द मुळात तोफखान्याचा: फ्रेंचमध्ये 'बात्र' म्हणजे बडवणे, आणि तटबंदी बडवायला ओळीने मांडलेल्या तोफा म्हणजे बॅटरी. अठराव्या शतकाच्या मध्यावर बेंजामिन फ्रँकलिनने वीज साठवणाऱ्या बरण्या ओळीने जोडल्या आणि त्या रांगेला तोफांचे नाव दिले. रांग गेली, तोफा गेल्या, एकटा सेल राहिला आणि नाव टिकले. किल्ले पाडण्यासाठी घडलेला शब्द हातात घेऊन आता माणसे रात्रीच्या वेळी शेताच्या बांधावरून जातात.

हा धातू फक्त कारखान्यात असतो असे समजू नये. झाडाचे हिरवे पान पाणी फोडून ऑक्सिजन सोडते. ते काम पानातल्या ज्या जागी होते तिथे मँगनीजचे चार अणू आणि कॅल्शियमचा एक अणू बसलेला असतो. धानाच्या पात्यात आणि आंब्याच्या पानात रचना तीच. आपण श्वासात घेतो तो ऑक्सिजन या चार अणूंच्या हातून सुटलेला असतो.

डोंगरी बुजुर्गमधला 'बुजुर्ग' फारसी 'बुज़ुर्ग', म्हणजे मोठा. एका नावाची दोन गावे असली की महसुली दप्तरात मोठे ते बुजुर्ग, धाकटे ते खुर्द. रुपयाचा खुर्दा करतो तो हाच खुर्द. पुण्याकडे हा बुजुर्ग ओळखू येणार नाही इतका बदलला: वडगाव बुद्रुक, आंबेगाव बुद्रुक. र ने जागा बदलली, ज़ चा द झाला, शेवटचा ग कडक होऊन क झाला. भंडाऱ्याकडे हिंदीचा शेजार असल्यामुळे तो बुजुर्ग राहिला. दप्तरानेच दिलेला या जिल्ह्यातला दुसरा शब्द म्हणजे 'मामा तलाव'. यात कुणाचा मामा नाही. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली, मालगुजारांचे तलाव सरकारकडे आले, आणि 'माजी मालगुजारी तलाव' एवढे लांब लिहिण्याऐवजी कारकुनांनी मा. मा. लिहिले. शेतकऱ्यांनी ते सलग वाचले. धानाला पाणी देणाऱ्या तळ्याला मामा म्हणायला त्यांची काहीच हरकत नव्हती.

जगाकडून इतके शब्द इथे आले, इथूनही गेले. या पट्ट्यातल्या मँगनीजचा पहिला सविस्तर अभ्यास भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या लुईस ली फर्मरने केला, त्याचा प्रचंड ग्रंथ १९०९ मध्ये निघाला. मँगनीजच्या थरांबरोबर त्याला जागोजाग एक खडक भेटला: गारगोटीचे स्फटिक आणि त्यांत नारिंगी-लाल गार्नेट. या खडकाला त्याने गोंडांवरून 'गोंडाइट' नाव दिले, आणि जगभरचे भूवैज्ञानिक अशा खडकाला आजही तेच नाव देतात. गार्नेटला मराठीत तामडा म्हणतात. तोही ताम्राचाच, पण त्याच्या वाट्याला ब आला नाही. तांबडा आणि तामडा ही एका आईची मुले, एकाला टाळूने ब दिला आणि दुसऱ्याला दिला नाही.

गोंडांचे नाव याहून लांब गेले. १८७२ मध्ये भूवैज्ञानिक हेन्री मेडलिकॉटने मध्य भारतातल्या कोळशाच्या थरांना 'गोंडवाना' म्हटले. आंबागडचे खडक त्या थरांहून कितीतरी जुने आहेत, पण मुलूख तोच. तसेच थर आणि त्यांतली तशीच पाने आफ्रिकेत, ऑस्ट्रेलियात, दक्षिण अमेरिकेत सापडत गेली, आणि १८८५ मध्ये ऑस्ट्रियाच्या एदुआर्द सुएसने एकेकाळी जोडलेल्या त्या भूमीला 'गोंडवाना-लँड' नाव दिले. गोंडवन म्हणजे गोंडांचे वन. त्याला पुन्हा लँड जोडले, म्हणजे भूमीला दोनदा भूमी म्हटल्यासारखे झाले. पुष्कळ भूवैज्ञानिक आता नुसते गोंडवाना म्हणतात, ते बरे आहे.

ज्यांच्या नावावर हे सगळे चालले आहे ते स्वतःला गोंड म्हणत नाहीत. आपल्या भाषेत ते कोइतूर आहेत. गोंड हे नाव त्यांना इतरांनी दिले. जुन्या खंडाच्या आणि खडकाच्या नावात कोइतूर हा शब्द कुठेच नाही. फर्मर या टेकड्यांतून फिरला तेव्हा नाव विचारले असते तर सांगणारी माणसे समोरच होती.

याच पट्ट्याने खनिजांनाही नावे पुरवली होती. पलीकडच्या बालाघाट जिल्ह्यातल्या तिरोडी खाणीवरून १९३८ मध्ये 'तिरोडाइट' आले, नागपूर जिल्ह्यातल्या बेलडोंगरीवरून 'बेलडोंग्राइट', छिंदवाड्याच्या सीतापारवरून 'सीतापाराइट'. खनिजांची नावे आंतरराष्ट्रीय समितीच्या यादीत बसावी लागतात, आणि एकाच पदार्थाला दोन नावे असली तर एक जाते. सीतापाराइट हे आधीच नाव मिळालेले बिक्सबाइट निघाले. तिरोडाइटचे नाव रचनेवरून ठरवलेल्या नव्या नावाखाली गेले. बेलडोंग्राइट हे स्वतंत्र खनिजच नव्हते. गोंडाइट मात्र खडक आहे, खनिज नव्हे. त्याला ती यादी लागू होत नाही, म्हणून तो पुस्तकांत राहिला आहे.